पाठमोरी पाटी

मी 'शांतता राखा' ही पाटी बोलतेय. हसा, खुशाल हसा! जिचा जन्मच दुसऱ्यांना गप्प करण्यासाठी झाला, तीच तोंड उघडून बसली म्हटल्यावर हसू येणारच. आवाज जरा दबका येईल, कारण सध्या माझं तोंड भिंतीकडे आहे. नाकासमोर चुना आणि चुन्याच्या पोपड्यात एक मेलेला कोळी. पण खरं सांगू? सव्वीस वर्षं जे समोर बघत होते, त्यापेक्षा हा कोळी पुष्कळ बरा. तो निदान बोलत तरी नाही.

मूळची मी कपाटाचं दार. याच वाचनालयात पुस्तकं सांभाळायचे. कपाटाला वाळवी लागली, ते मोडीत निघालं, आणि एक दार तेवढं धड राहिलं म्हणून ते रंगाऱ्याकडे धाडलं.

तो रंगारी म्हणजे भलताच धीराचा माणूस. मजकूर आधी कागदावर लिहून घ्यायचा, तो दोनदा सुलटा वाचायचा आणि एकदा उलटा, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. मग ब्रश बुडवायचा. ब्रश हातात असेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मला रंगवत होता तेव्हा त्याची बायको "जेवायला येताय ना?" म्हणून तीनदा विचारून गेली. 'ता'चा काना खालपर्यंत ओढून झाला, ब्रश खाली ठेवला, तेव्हा कुठे "आलो" म्हणाला.

"अहो, एवढा एक शब्द बोलायला काय झालं होतं?" ती करवादली.

"तोंड चाललं की हात हलतो," तो म्हणाला. "आणि एकदा बिघडलेलं अक्षर कितीही पुसलं तरी खाली डाग राहतोच."

मी बापडी समजले, जगात सगळी माणसं अशीच असतात. मग मला इथे आणून वाचनकक्षात भिंतीवर टांगलं, आणि माझे डोळे उघडले.

शी! काय काय पाहिलं मी! बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं, पुन्हा बोट जिभेला. म्हणजे एकाने चाटलेलं पान दुसरा चाटतो, दुसऱ्याचं तिसरा, आणि वर म्हणायचं, आम्ही ज्ञान घेतो! नाकातलं काढून टेबलाखाली पुसणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. पुस्तकाचा कोपरा मुडपणारे पाहिलेत, काडीने कान कोरून तीच काडी खूण म्हणून पानात ठेवणारेही पाहिलेत. अंगावर काटा येतो अजून.

पण त्या घाणीपेक्षा मला बोलण्याची जास्त किळस. रोज सकाळी निवृत्त झालेले चौघे यायचे. मी त्यांचं नाव ठेवलं होतं सुप्रभात कंपनी. चौघांत एक वर्तमानपत्र. मथळा तेवढा वाचायचा आणि खालची बातमी आपापल्या मनाने रचायची! उचलली जीभ, लावली टाळ्याला. कुणाची सून, कुणाचा घटस्फोट, कुणाची बदली, सगळं ठाऊक. माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांना "शूऽऽ" करायचे आणि लगेच पुढचं नाव घ्यायचे.

या सगळ्यांचे मेरुमणी म्हणजे आमच्या कार्यकारिणीचे चिटणीस. बोलायला उभे राहिले की घड्याळालाही दम लागायचा. आमच्याकडे बारा खंडांचा एक जाडजूड माहितीकोश आहे, काचेच्या कपाटात. त्याच्याकडे हात करून ते दर वार्षिक सभेत सांगायचे, "हे बाराही खंड मी अथपासून इतिपर्यंत वाचलेत. काही काही तर दोनदा!" टाळ्या पडायच्या. सव्वीस वर्षांत त्यांना त्या कपाटाची किल्ली मागताना मी कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या खंडांच्या पाठी निखळल्या म्हणून ते बांधणीला दिले होते. परत आले ते नेमके वार्षिक सभेच्या दिवशी. आमच्या ग्रंथपालबाई अगदी हळू आवाजाच्या, पण कामाला चोख. बांधून आलेलं पुस्तक पानन् पान मोजल्याशिवाय कपाटात लावायचं नाही, ही त्यांची रीत.

"साहेब, तेवढी पानं तपासून घेते," त्या म्हणाल्या.

"पानं काय पळून जाताहेत का?" चिटणीस गरजले. "पाहुणे येऊन बसलेत. लावा ओळीने! फोटो काढायचाय."

बाईंनी खंड लावले. फोटो छान आला. कपाटाला कुलूप लागलं ते लागलंच.

ते कुलूप उघडलं एका नळदुरुस्तीवाल्यामुळे. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ गळत होता म्हणून त्याला बोलावलं होतं. माणूस चाळिशी ओलांडलेला. काम झाल्यावर त्याने साबण लावून हात धुतले, स्वतःच्या फडक्याने कोरडे केले आणि बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, इथे बसून वाचायला सभासद व्हावं लागतं का?"

"नाही हो दादा. संदर्भाची पुस्तकं घरी देत नाही, पण इथे बसून कुणीही वाचावं. काय हवंय?"

त्याला हवं होतं पंपांबद्दल. तो एका ठेकेदाराच्या हाताखाली होता. स्वतःच्या नावावर काम घ्यायचं तर परवाना पाहिजे, परवान्याला परीक्षा, आणि ती वर्षातून एकदाच. "परीक्षा लेखी आहे ना," तो म्हणाला. "पाना हातात देऊन विचारलं असतं तर उभ्या उभ्या पास झालो असतो. शाळा लवकर सुटली माझी. वाचायला वेळ लागतो." बाईंनी त्याला पाचवा खंड काढून दिला. 'पाणी आणि यंत्रे'. परीक्षेला बारा आठवडे होते.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी कामावरून थेट यायचा. आधी नळ सुरू, मग साबण, मग फडकं. खुर्ची फरफटवायचा नाही, उचलून मागे घ्यायचा. पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्याला धरून, कोरड्या बोटाने. नखांत ग्रीस रुतलेलं, ते काही निघत नव्हतं, पण पानावर त्याने कधी डाग पाडला नाही. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप असते ना, तिचा तुकडा खूण म्हणून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन पानं झाली की कपाळावर घाम. एक वाक्य चार वेळा वाचायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. सहाव्या आठवड्यात आठ पानांवर आला. आकृत्या वहीत काढून घ्यायचा. एकदा स्वतःशीच खुदकन हसला आणि बाईंजवळ जाऊन कुजबुजला, "बाई, ही झडप मी वीस वर्षं उलटी बसवत होतो! आणि ठेकेदार मला शाबासकी देत होता!"

बाई तोंडावर पदर धरून हसल्या. मलाही हसू आलं. एवढ्या दिवसांत या माणसाने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, कारण त्याला माझी गरजच पडली नव्हती. माझा त्याच्यावर जीव जडला, खोटं कशाला बोलू?

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. एका संध्याकाळी तो खंड घेऊन बाईंकडे गेला.

"बाई, दोनशे आठ पानानंतर एकदम दोनशे पंचवीस आलंय. मधली सोळा पानं कुठे गेली? पंपांचे प्रकार नेमके त्यातच असणार."

बाई वार्षिक यादीत बुडाल्या होत्या. "असं कसं होईल? ठेवा, उद्या बघते."

त्याने त्या जागी पांढऱ्या टेपचा तुकडा ठेवला, खंड त्यांच्या हातात दिला आणि गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीस कुणा पाहुण्याला वाचनालय दाखवायला घेऊन आले. बाई अजून यायच्या होत्या. पाचवा खंड टेबलावरच होता. त्यांनी ऐटीत उचलला, तो खुणेपाशी उघडला, आणि मधली पानं गायब असल्याचं पाहुण्यानेच दाखवून दिलं. झालं! चारचौघांत नाक कापलं गेल्यावर माणूस आधी दुसऱ्याचं नाक शोधतो.

"ही टेप कुणाची?" चिटणीस ओरडले.

"तो नळवाला बसतो ना संध्याकाळी!" सुप्रभात कंपनी एकसुराने म्हणाली. या चौघांपैकी संध्याकाळी इथे कधी एकही नसतो, बरं का. तरी दुपारपर्यंत त्यांच्याकडे सगळी हकिगत तयार. एकाने त्याला पानं खिशात कोंबताना पाहिलं होतं. दुसऱ्याला तो पहिल्यापासूनच संशयास्पद वाटला होता. तिसऱ्याच्या मते असल्या पानांना बाहेर गिऱ्हाईक असतं. चौथा नुसती मान डोलवत होता, आणि त्या मान डोलवण्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटली.

संध्याकाळी तो आला. नळ सुरू झाला, साबण, फडकं. आणि वळतो तर समोर हे सगळे उभे.

"काय रे, पानं कुठे ठेवलीस?" चिटणीसांनी सुरुवातच अरे-तुरेने केली.

"कुठली पानं?"

"ही बघ तुझी टेप! हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"टेप माझी आहे. पण पानं आधीपासूनच नव्हती. मी काल बाईंना सांगितलं," तो म्हणाला.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. 'हो' एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं! मी माझ्या खिळ्यावर श्वास धरून होते. पण बाईंची नोकरी दर वर्षी चिटणीसांच्या सहीने पुढे सरकते, आणि ती सही त्याच महिन्यात व्हायची होती. त्यांनी एकदा चिटणीसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मान खाली घालून रजिस्टरात लिहू लागल्या. काय लिहीत होत्या देव जाणे. पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं.

मूग गिळून बसल्या! आणि बसताना माझ्याकडे पाहिलं, जणू मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

"बघा, खाई त्याला खवखवे!" सुप्रभात कंपनीतलं एक रत्न म्हणालं. "कसा गप्प उभाय."

तो गप्प नव्हता. ज्याने वाक्य चार-चार वेळा वाचायची सवय लावून घेतली, तो बोलायच्या आधीही विचार करतो, एवढंच. त्याने बाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "पानं मी घेतली नाहीत." एकदाच. वही पिशवीत टाकली, खुर्ची उचलून टेबलाखाली सरकवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी माझ्या खाली एक कागद चिकटवला. 'पुस्तकांची नासधूस केल्यामुळे नळदुरुस्ती करणाऱ्या इसमास प्रवेश बंद.' खळीचे ओघळ माझ्या अंगावर आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती फाशी माझ्याच गळ्यात अडकवलेली! रंगाऱ्याने तीन वेळा वाचून रंगवलेल्या अक्षरांखाली हे खरकटं! ओकारी येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पहिला खंड काढला आणि पानं मोजायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी करायचं राहिलेलं काम. एक खंड सातशे-आठशे पानांचा, आणि सुट्टी अर्ध्या तासाची. रोज तेवढा अर्धा तास, न जेवता. दुसरा खंड, तिसरा, चौथा. मधेच परीक्षेचा दिवस येऊन गेला. बाईंनी त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पुन्हा मोजू लागल्या. मला मेलीला त्यांची कीव येईना. बैल गेला अन् झोपा केला.

चोविसाव्या दिवशी आठवा खंड निघाला. 'पक्षी'. चारशे सोळावं पान उलटलं आणि बाईंचा हात थांबला. तिथे पाण्याचे पंप होते! दोनशे नऊ ते दोनशे चोवीस, सोळाच्या सोळा पानं, एकही कोपरा न दुमडलेली. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवतात. बांधणीवाल्याच्या हातून एक फर्मा या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात गेला होता. दोन वर्षं ती पानं त्याच कपाटात, हातभर अंतरावर होती. कुणी आठवा खंड एकदा जरी उघडला असता, तर दिसली असती.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची सभा होती, नेहमीसारखी माझ्याच नाकाखाली. सुप्रभात कंपनी ऐकायला होतीच. बाई उठल्या. हातात आठवा खंड.

"साहेब, हा खंड तुम्ही वाचलाय ना?"

"म्हणजे काय! दोनदा!"

"मग चारशे सोळा पानानंतर काय आहे, सांगाल?"

चिटणीसांनी खाकरून घसा साफ केला. "तिथे... तिथे लेखकाने पक्ष्यांच्या उड्डाणाचं फार सुंदर विवेचन केलंय. मी तर म्हणेन, तो त्या खंडाचा आत्माच आहे."

बाईंनी खंड उघडून त्यांच्यापुढे ठेवला. उड्डाणाच्या जागी पाण्याचा पंप! एकजण फसकन हसला, मग दुसरा.

आता वाटेल, चिटणीसांची मान खाली गेली असेल. छे हो! मान खाली जायला ती आधी खांद्यावर नीट असावी लागते. "बांधणीवाल्याचा हलगर्जीपणा," ते म्हणाले. "आणि आपण कागदावर कुणाचं नाव कुठे लिहिलं होतं? विषय संपला. चहा मागवा." आणि विषय खरंच संपला! माफीचा शब्द नाही. सगळ्यांनी चहा भुरकला. मला त्या भुरकण्याची शिसारी येत होती.

बाईंनी कागद ओरबाडून काढला आणि नळवाल्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"कुठला नळ बिघडलाय?"

"नळ ठीक आहे, दादा. आत या. बोलायचंय."

"मला आत यायला बंदी आहे, बाई."

बाई दारापर्यंत गेल्या. तिथून वळून त्या वाचनकक्षाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि ज्या बाईंचा आवाज मी कधी दोन टेबलांपलीकडे ऐकला नव्हता, त्या अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा बोलल्या. "ऐका सगळे! या माणसाने पानं फाडलेली नाहीत, ती आठव्या खंडात सापडली. पानं नाहीत, हे त्यांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी बोलले नाही. माझ्या भित्रेपणामुळे त्यांचं—"

"शूऽऽ!" सुप्रभात कंपनीतून आवाज आला. वर्तमानपत्र खाली करून, माझ्याकडे बोट दाखवून तो गृहस्थ म्हणाला, "बाई, हळू! पाटी दिसत नाही का?"

आगपाखड करायला जीभ नव्हती म्हणून, नाहीतर मी त्या दिवशी खिळ्यासकट त्याच्या टकलावर पडले असते. सव्वीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत मणभर खोटं बोललं गेलं, त्याला मी आडवी आले नाही. आणि चार वाक्यं खरी निघाली तर ती अडवायला मी पुढे! माझी मलाच किळस आली.

बाईंनी खुर्ची ओढली. चांगली खरखरत ओढली. वर चढल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा टांगलं. मग उरलेलं वाक्य पूर्ण केलं. "—त्यांचं वर्ष गेलं. दादा, मला माफ करा."

त्याचं तोंड मला दिसलं नाही. पावलं तेवढी दूर जाताना ऐकू आली.

महिना गेला, दुसरा गेला. भिंत, चुना, कोळी. चिटणीसांनी बाईंच्या नोकरीच्या कागदावर सही अजून केलेली नाही, आणि बाईंनी ती मागितलेली नाही. मागून तीच बडबड ऐकू येते, तीच चाटलेली पानं. मला सरळ करायला कुणी आलं तर एवढंच सांगेन, की गप्प बसायला लावायचं तर त्यांना लावा, ज्यांनी आठवा खंड उघडलेला नाही. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्याने माझ्याकडे बघून गप्प बसू नये. तसं बघायचं असेल, तर मी अशीच बरी.

काल संध्याकाळी मात्र नळ सुरू झाला. मग साबणाची डबी वाजली. मग थोडा वेळ काहीच नाही. फडक्याने हात पुसायला लागतो तेवढा वेळ. खुर्ची फरफटली नाही.

"पेपरात पंपांचाच प्रश्न होता, बाई," तो म्हणाला. "वीस मार्कांचा. सहा मार्कांनी गेलो." मग म्हणाला, "आठवा खंड देता का?"

कपाटाचं कुलूप उघडलं.

"आणि ही पाटी अशी उलटी का?"

"शिक्षा केलीय."

"तिला कशाला? तिने काय केलं?"

"काही नाही केलं," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

तो हसला की नाही, मला कळलं नाही. मग पान उलटल्याचा आवाज आला. हळू, वरच्या कोपऱ्यातून, कोरड्या बोटाने.